ताकद कुठल्या टोकाने मोजायची?

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, सध्या गल्लोगल्ली परांच्या बांधलेल्या दिसतात. प्रवाळाच्या दगडात बांधलेले चार-पाच मजली वाडे, त्यांना लगडलेले लाकडी जाळीचे सज्जे आणि त्यांच्या मधून जाणारे अरुंद बोळ यांना २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. २०२१ मध्ये सौदी सरकारने सहाशेहून अधिक जुन्या इमारती, ३६ मशिदी आणि पाच बाजार सावरण्याची योजना जाहीर केली. वाडे सावरायचे म्हणजे सांडपाण्याचे, विजेचे, पाण्याचे चर खणणं आलं, आणि चर खणताना कुठे तरी खडक लागणार हेही आलं.

हा खडक फोडायचा कसा, यावर पुढचं बोलणं आहे. बोलणारी माणसं कल्पित आहेत; त्यांच्या तोंडचे आकडे, नियम आणि इतिहास कल्पित नाहीत. भाची वास्तुसंवर्धनातली अभियंता, मुंबईत शिकलेली, आता बलदमध्ये काम करणारी. मामा विदर्भातल्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले ओव्हरमन (खाणीतले पर्यवेक्षक), भाचीकडे महिनाभर राहायला आलेले. नसीफ वाड्यापुढच्या कडुलिंबाजवळ दोघं बसली आहेत आणि भाचीच्या हातात एका ठेकेदाराने दिलेलं माहितीपत्रक आहे: वायूच्या दाबाने खडक फोडणारी नळी. स्फोटक नाही, कंपन नाही, धोका नाही.

भाची : मामा, मला ही नळी आवडलीये. ब्रेकर लावला की दिवसभर ठकठक, धूळ आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. सुरुंगाचं तर इथे नावच काढायचं नाही. ही नळी भोकात सरकवायची, तारेतून वीज सोडायची, खडक तडकला की नळी काढून घ्यायची.

मामा : आवडायला हरकत नाही. वस्तू नवी नाहीये पण. अमेरिकेत १९२०च्या दशकात कोळसा खाणींसाठी निघाली, कार्डोक्स नावाने. आमच्या धंद्यात मिथेनची भीती. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असला आणि ठिणगी मिळाली की खाणच उडते. बारूद पेटला की ज्योत आली. या नळीतल्या कार्बन डायऑक्साइडला ज्योत नाही, उलट बाहेर पसरताना तो गारच पडतो. शिवाय कोळशाचा भुगा न होता मोठी ढेकळं निघायची, त्यांना बाजारात भाव जास्त. पुढे सिमेंटवाल्यांनी उचलली. भट्टीत, सायलोत चिकटून बसलेला माल पाडायला.

भाची : म्हणजे शंभर वर्षं पारखलेली वस्तू आहे. मग काळजी कसली?

मामा : पारखली कशी, ते विचारतोय मी. तुझ्या कागदावर काय लिहिलंय ताकदीबद्दल?

भाची : "एक नळी म्हणजे अमुक ग्रॅम टीएनटीइतकी ताकद."

मामा : हा आकडा कुठून आला असेल, सांगू? नळी म्हणजे जाड पोलादी पाइप. आत दाबाखाली भरलेला द्रव कार्बन डायऑक्साइड. एका टोकाला हीटर, म्हणजे ऑक्सिजन देणारा क्षार आणि इंधन यांची पुडी. वीज मिळाली की ती क्षणात भडकते आणि द्रव तापवते. दुसऱ्या टोकाला साध्या पोलादाची चकती, तिला आपण पडदा म्हणू. दाब वाढत जातो आणि ठरलेल्या दाबाला पडदा कडेने कातरला जातो, मग वायू तोंडातल्या भोकांतून खडकात घुसतो. आता समज, आतली जागा एक लिटर आणि पडदा फाटला २००० बारला. वायू प्रसरण पावताना किती काम करील याचं पुस्तकी सूत्र लावलं तर अर्ध्या मेगाज्यूलच्या आसपास येतं. एक किलो टीएनटीत चारहून थोडे जास्त मेगाज्यूल. म्हणजे तुझी नळी कागदावर सव्वाशे ग्रॅम टीएनटीची झाली.

भाची : मग बरोबरच आहे की आकडा.

मामा : कागदावर. २००० बारला वायू पुस्तकातल्या आदर्श वायूसारखा वागत नाही, ही पहिली गोष्ट. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. टीएनटीचा स्फोट त्या पदार्थातून सेकंदाला सहा-सात हजार मीटर वेगाने पळतो. सगळं मायक्रोसेकंदांत आटोपतं आणि जवळचा दगड अक्षरशः पीठ होतो. नळीचं काम मिलिसेकंदांत चालतं. दगड दाबाला दणकट असतो, ताणाला दुबळा. बहुतेक खडकांची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकीच असते. वायू फटीत शिरतो आणि ती उचकटतो. ऊर्जा सारखी असली तरी काम वेगळं. त्यामुळे टीएनटीच्या मापाने नळीची ताकद सांगितली की ऐकणाऱ्याला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कळत काहीच नाही.

भाची : मग मोजायची कशाने? स्फोटकांची ताकद मोजायच्या पद्धती असतीलच की.

मामा : आहेत, पण त्या बारुदासाठी. ट्राउझल नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात शिशाचा ठोकळा आणला. वीस सेंटिमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा शिशाचा गोल ठोकळा, मधे भोक, त्यात दहा ग्रॅम स्फोटक. उडवलं की मऊ शिसं फुगतं, पोकळी मोठी होते. तिच्यात पाणी ओतून किती वाढली ते मोजायचं. मला ही चाचणी फार आवडायची, पाण्याच्या नळकांड्याने स्फोट मोजायचा! पण तुझी नळी त्या भोकात शिरणारच नाही. आणि शिरली तरी शिशाला असला सावकाश धक्का कळत नाही. नळीसाठी लोलक बरा. जड वजन टांगायचं, त्याच्यावर वायू सोडायचा, किंवा नळीच टांगून तिचा उलटा धक्का बघायचा. झोका किती वर गेला त्यावरून धक्का काढता येतो. त्याच्या जोडीला नळीत दाबाचा सेन्सर बसवायचा आणि मिलिसेकंदागणिक दाब कसा चढला, पडदा कितीला फाटला, दाब कसा उतरला याचा आलेख काढायचा. हे दोन्ही मिळून नळीची ओळख पटते.

भाची : लोलक म्हणजे शाळेतला प्रयोग झाला.

मामा : शाळेत गेला तो नंतर. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणित्याने १७४२च्या पुस्तकात बंदुकीच्या गोळीचा वेग लोलकाने कसा मोजायचा ते मांडलं. तोवर तोफखाना चालायचा अंदाजाने आणि रुबाबाने. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास किनाऱ्यावर किल्ले बांधायला आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला. आता गंमत बघ. हा किल्ला इंग्रजांनी घेतला कुणाकडून? मराठ्यांकडून, १६९० साली. राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते, मुघलांचा वेढा पडलेला, पैशाची निकड. सौद्यात किल्ल्याबरोबर भोवतालची जमीनही होती. किती? तर किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवर.

भाची : काय सांगता! मग तोफ कुणाची?

मामा : बरोबर प्रश्न विचारलास. तोफ इंग्रजांची, गोलंदाज इंग्रजांचे. त्यांनी मद्रासहून चांगली लांब पल्ल्याची तोफ आणली, एकेका दिशेला डागली आणि कडलूर गावासकट भोवतालची गावं घशात घातली. त्या गावांना तिकडे आजही गोळ्याची गावं म्हणतात. आपण सौद्यात माप लिहिलं, मोजायचं साधन समोरच्याच्या हाती दिलं. तुझ्या माहितीपत्रकातली चाचणी तशीच आहे. नळी त्यांची, पडदा त्यांनी निवडलेला, हवामान त्यांच्या गावचं आणि गोळा पडला तिथवर त्यांची ताकद.

भाची : मान्य. म्हणूनच मी म्हणते, कारखान्यातल्या चाचणीला माझ्या लेखी किंमतच नाही. नळीत किती बार, किती ज्यूल, याच्याशी मला काय करायचंय? मला भिंत वाचवायची आहे. समोरचा वाडा बघा. खाडीतून कापून आणलेला प्रवाळाचा दगड, मऊ, सच्छिद्र, हाताने खरवडला तर पांढरा चुरा निघतो. जोडायला चुना आणि खाडीचाच चिखल. दर काही थरांनी आडवी लाकडं घातलीत, त्यांना तकालील म्हणतात. भिंत एकसंध धरायचं काम त्यांचं. यातलं बरंचसं सागवान आपल्याकडूनच जहाजांनी आलेलं. जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं, मिठाचे खडे फुगतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला नळी कितीची आहे याने फरक पडत नाही. तिच्या पायाशी जमीन किती वेगाने हलली, याने पडतो.

मामा : कंपनाचा कमाल वेग. सेकंदाला किती मिलिमीटर.

भाची : तेच तर. आपल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक तुम्हाला पाठ असेल.

मामा : सातवं परिपत्रक. झोपेत विचार. परक्या मालकीच्या साध्या घरांना आठ हर्ट्झच्या खाली पाच मिलिमीटर, आठ ते पंचवीसमध्ये दहा, पुढे पंधरा. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना दोन, पाच आणि दहा.

भाची : मग दोन मिलिमीटर ही माझी रेषा. त्या परिपत्रकाची सत्ता इथे नाही, पण भिंतीला देश कळत नाही. जर्मन मानकातही नाजूक वास्तूंच्या पायाला कमी वारंवारतेत तीन मिलिमीटरचीच मर्यादा आहे. मी भिंतीच्या पायाशी जिओफोन, म्हणजे जमिनीचं कंपन टिपणारं यंत्र, बसवीन, तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवीन, एक नळी लांब उडवीन, मग जवळ, मग आणखी जवळ. आकडा रेषेच्या आत राहिला तर पुढे, नाही तर बंद. नळीची ताकद भिंतीपाशी मोजायची, मामा. कारखान्यात मोजून काय उपयोग?

मामा : आणि आकडा रेषेबाहेर गेला तर दोष कुणाचा? नळीचा, खडकाचा, की भोकात माती नीट ठासली नव्हती त्याचा?

भाची : मला दोष शोधायचा नाही, थांबायचं आहे.

मामा : थांबशील. आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणेल, "मॅडम, ती एक नळी जरा जोराची निघाली, आजच्या चांगल्या आहेत." तेव्हा काय करशील? अगं, अंतर आणि ताकद यांवरून कंपन काढायचं आमचं सूत्र आहे. अंतर भागिले स्फोटकाच्या वजनाचं वर्गमूळ. तुझ्या नळीला त्या वजनाच्या जागी काय घालणार? वायूचे किलो? कागदावरचे सव्वाशे ग्रॅम टीएनटी? दर नळी तेवढीच ताकद देते हे आधी कळलं, तर तिच्या हिशेबाने तुझ्या जमिनीचा नवा आलेख मांडता येईल. ते कळलं नाही तर तुझा जिओफोन फक्त काल काय झालं ते सांगतो. उद्याचं नाही सांगत.

भाची : उद्याचं कोण सांगतं? मुंबईत मेट्रो-तीनचं काम चालू होतं तेव्हा, २०१७ मध्ये, फोर्टातल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या दगडी सजावटीचा भाग पडला. प्रकरण हायकोर्टात गेलं, तज्ज्ञांना बघावं लागलं. यंत्रांची माहितीपत्रकं तेव्हाही चोख असणारच. मी त्यातून एवढंच शिकले की काम सुरू होण्याआधी भिंत कशी होती, वाहनांनी किती हलत होती, तडे किती रुंद होते, याची नोंद नसेल तर नंतर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. म्हणून माझा जीव भिंतीच्या नोंदींत आहे.

मामा : नोंदी ठेवच. पण दोन नळ्यांत फरक कशाने पडतो ते तुला बघावं लागेल, कारण तू बसलीयेस जेद्दात. मला सांग, नळी नीट भरली की नाही हे कशावरून ओळखशील?

भाची : गेजवर दाब बघून.

मामा : इथेच फसतात. घरच्या गॅस सिलिंडरचं आठव. अर्धा संपला तरी आतला दाब तेवढाच, म्हणून किती उरलाय ते वजन केल्याशिवाय कळत नाही. आत द्रव आणि वर वाफ असेपर्यंत दाब ठरतो तापमानावर, भरलेल्या मालावर नाही. कार्बन डायऑक्साइड वीस अंशांना ५७ बार दाखवणार, नळी पाऊण भरलेली असो की पाव. त्यामुळे रिकामी नळी तोलायची, भरलेली तोलायची आणि फरक वहीत लिहायचा. दर नळीचा. आता जेद्दातली अडचण. या वायूचा क्रांतिक बिंदू ३१.१ अंश. त्याच्या वर द्रव आणि वाफ असा भेदच राहत नाही. तुझ्याकडे उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा. उन्हात ठेवलेलं पोलाद पन्नास-साठला सहज जातं. लिटरला सातशे ग्रॅम भरलेली नळी पन्नास अंशांना दीडशे बारवर जाते, साठला आणखी पुढे. हीटर पेटायच्या आधीच! वीस अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत काढलेला आलेख इथल्या दुपारी जसाच्या तसा कसा लागू होईल?

भाची : म्हणजे सकाळी सातची नळी आणि दुपारी दोनची नळी वेगळी?

मामा : पडदा तोच असेल तर फाटायचा दाब साधारण तोच राहील, कारण तो पडदा ठरवतो. पण तिथवर पोचायला लागणारा वेळ, फाटताना आत असलेलं तापमान, बाहेर पडणारी ऊर्जा हे सगळं थोडंफार हलतं. आणि पडदाही सारखा कुठे असतो? पत्र्याच्या दोन खेपांत जाडीचा फरक, कडकपणाचा फरक, कातरल्या कडेला फरक. हा सगळा खेळ त्या बोटभर चकतीचा आहे, पोरी. वायू स्वस्त, पाइप पुन्हा पुन्हा वापरायचा, हीटर पुडीतला. ताकद ठरवणारा भाग सगळ्यात साधा दिसतो, म्हणून त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. मी असतो तर दर खेपेतल्या काही चकत्या नळीविनाच पाण्याच्या दाबाखाली फाडून बघितल्या असत्या.

भाची : पाण्यानेच का?

मामा : पाणी दबत नाही फारसं. त्यात ऊर्जा साठत नाही, त्यामुळे काही फाटलं तरी नुसती पिचकारी उडते. वायूने तपासायला गेलात तर चाचणीच स्फोट होते. नळीचा पाइपही असाच पाण्याने तपासायचा. आणि नवा करकरीत पाइप नाही, शेकडो वेळा वापरलेला. दर झटक्याला पोलाद थोडं थकतं, आट्यांच्या मुळाशी केसाएवढी भेग पडते. माहितीपत्रकात चाचणी होते ती नव्या नळीची. तुझ्या चरात येते ती तीन ठेकेदार फिरून आलेली.

भाची : ठीक आहे, फरक पडतो हे पटलं. मग मी सरळ सगळ्यात जोरदार निघालेली नळी धरीन. वीस उडवून बघितल्या, त्यांतल्या सगळ्यात जोराच्या नळीने भिंत दोन मिलिमीटरच्या आत हलली पाहिजे. सरासरी विक्रेत्याच्या कामाची, वाड्याला त्या विसाव्या नळीशीच गाठ. झाली की नाही तुमची चाचणी माझ्या भिंतीपाशी येऊन?

मामा : अर्धी झाली. तू वरचं टोक बघितलंस. खालच्या टोकाचं काय?

भाची : कमजोर निघाली तर खडक फुटणार नाही. दुसरी लावू.

मामा : कोण लावणार? तू?

भाची : कामगार.

मामा : हं. आता तो कामगार भोकापाशी उभा आहे असं समज. हीटर अर्धवट जळला, दाब चढला, पण पडद्यापर्यंत पोचला नाही. आवाज नाही, धूर नाही. आत शेकडो बार दाब, तापलेली नळी, आणि तिचं तोंड बंद. वरून मुकादम ओरडतोय, "बघ रे, वायर सुटली काय." आमच्याकडे मिसफायर झाला की लगेच कुणी जवळ जायचं नाही, ठरलेला वेळ थांबायचं, मगच शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारा प्रशिक्षित माणूस, जाऊन बघणार. हा नियम माणसं गमावून आलाय. इथे तुझ्या पत्रकावर ठळक लिहिलंय "स्फोटक नाही". म्हणजे प्रशिक्षित शॉटफायरर नको, थांबायची वेळ नको, कुणीही चालेल. ज्या वस्तूला आम्ही घाबरून हात लावायचो, तिला हे निर्धास्त हात लावणार.

भाची : पण स्फोटकांचा साठा नाही, वाहतूक नाही, हा फायदा खोटा नाही ना! १७ डिसेंबर २०२३ ला तुमच्या नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात काय झालं? नऊ कामगार गेले, त्यांत सहा बायका. त्या हातांना बारूद भरायची वेळच आली नसती, तर?

मामा : ते दुःख मला सांगू नकोस, ती आमच्या भागातली माणसं आहेत. फायदा खरा आहे. बारुदाऐवजी नळी आली तर कारखान्यापासून गोदामापर्यंतचा धोका जातो, नाही म्हणत नाही मी. पण तो धोका चरात उतरून एका माणसाच्या छातीसमोर येतो. नळी नीट बांधली नाही तर भोकातून ती स्वतःच बाणासारखी सुटते. तिला साखळीने जखडायचं असतं. आणि एक हिशेब करून दाखवतो. दहा नळ्या, प्रत्येकीत सातशे ग्रॅम वायू. सात किलो झाला. बाहेर पसरला की जवळजवळ चार घनमीटर. तुझा चर किती मोठा?

भाची : समजा दहा मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन खोल. तीस घनमीटर.

मामा : वारा नसला आणि सगळा वायू खाली बसला तर चरातल्या हवेचा आठवा हिस्सा तो. हवेपेक्षा दीडपट जड, दिसत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आणि तुमच्या या बोळांत वारा किती फिरतो, ते मी गेले आठ दिवस बघतोय. हा आकडा कुठल्या ताकदीच्या चाचणीत बसतो?

भाची : बसत नाही. पण मामा, मग तुमच्या बारुदाच्या चाचणीतही तो बसत नव्हता.

मामा : नव्हता. म्हणून नियम वेगळे, तपासणी वेगळी, माणूस वेगळा नेमलेला. नळीला "स्फोटक नाही" म्हटलं की ते सगळं एका फटक्यात गळून पडतं.

भाची : म्हणजे आपण एकाच वस्तूची दोन टोकं धरून भांडतोय. नळी जास्त निघाली तर माझी भिंत जाते, कमी निघाली तर तुमचा माणूस. आणि विक्रेता दाखवतो मधला आकडा, जिथे दोघंही सुरक्षित असतात.

मामा : आता बोललीस. ताकदीची चाचणी म्हणजे ताकद किती हे सांगणारी नव्हे, ती किती हलते हे सांगणारी. वीस नळ्यांत पडदे कितीला फाटले, सगळ्यात कमी कितीला, सगळ्यात जास्त कितीला, किती फाटलेच नाहीत. सरासरी दोन नळ्यांची सारखीच असेल; एक ११०० ते १३०० बारमध्ये फाटते, दुसरी ६०० ते १८०० मध्ये. दुसरी फुकट दिली तरी घेऊ नये.

भाची : तरीही एका गोष्टीवर मी ठाम आहे. तुमच्या चाचणीत पास झालेली नळीसुद्धा मी वाड्यांच्या गाभ्यात वापरू देणार नाही. इथे खाली आहे प्रवाळी चुनखडक, नाही तर भराव, आणि थोड्याच खोलीवर पाणी. त्याला करवत चालते, फुगणारा चुना भोकांत भरून रात्रभर ठेवता येतो, पाचर मारता येते. वेळ जास्त लागतो, पण भिंत हलत नाही. पूर्वेला डोंगराकडे रस्ता कापताना ग्रॅनाइट लागेल, तिथे तुमची नळी खुशाल लावा.

मामा : आणि मी इथेच ठाम नाही. तुझ्या करवतीवर बसलेला माणूस दिवसभर दगडाची धूळ खातो, ब्रेकरवाल्याच्या मनगटाची वाट लागते. सावकाश पद्धतीलाही कुणाच्या तरी अंगावरच मोजावं लागतं. वाड्यापासून पुरेशा लांब, कठीण थर लागला, तर चार नळ्यांत जे होतं त्याला माणसाला आठवडा राबवायचा काय? भिंतीचा जिओफोन तू लावलास. माणसाच्या अंगाला कुणी लावत नाही.

भाची : पुरेसं लांब म्हणजे किती, हे आपण दोघं ठरवणार नाही. जिओफोन ठरवील.

मामा : जिओफोन आणि वीस नळ्यांची वही, दोन्ही मिळून.

भाची : बरं. ठेकेदाराला उत्तर लिहायचंय उद्या. सांगा तुमच्या अटी, माझ्या मी घालते.

मामा : लिही. एक, टीएनटीचा आकडा नको. दाबाचा आलेख द्या, नळी पन्नास अंशांना ठेवून काढलेला. दोन, दर खेपेतल्या पडद्यांची फाडणी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांसकट. तीन, दर नळीचं भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन. चार, न फाटलेली नळी कशी हाताळायची त्याची लेखी पद्धत, थांबायची वेळ आणि ते काम शिकलेला माणूस. पाच, चरात उतरण्याआधी वायुमापक आणि पंखा.

भाची : माझ्या दोन. कामाआधी महिनाभर भिंतीच्या कंपनाची आणि तड्यांची नोंद. आणि पायाशी दोन मिलिमीटरला काम बंद, कारण काहीही असो.

मामा : आणि सगळ्यांत वर हे लिही: चाचणीच्या नळ्या कंपनी पाठवणार नाही. कामावर आलेल्या मालातून आपण उचलू, आपल्याला हव्या त्या. तोफ आपली.

भाची : ते नाही म्हणतील. उशीर होईल म्हणतील, आणि उशिराचा दंड सगळ्यांनाच नको असतो. मलाही.

मामा : मग चाचणीचे दिवस आणि तिचा खर्च कंत्राटातच धर. वेळापत्रकात चाचणीला जागाच ठेवली नाही, तर कुणीतरी ती गाळणारच. ठेकेदाराने नाही गाळली तर तुझा साहेब गाळील.

भाची : साहेबाला पटवायचं काम माझं. पण खर्चाच्या रकान्यात मी करवतीचाही भाव लावून देते. नळीची चाचणी, देखरेख, वायुमापक, शिकलेला माणूस हे सगळं जोडल्यावर नळी खरंच स्वस्त पडते का, ते त्यालाच बघू दे.

मामा : दे. आणि करवतीच्या बाजूला मास्क आणि पाण्याच्या फवाऱ्याचाही खर्च धर, म्हणजे दोन्ही बाजूंचा हिशेब खरा होईल.